वाघाचे वर्गीकरण आणि वंशावळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याघ्रप्रकल्पांत जाणारे पर्यटक, जीवशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, त्यामुळे गोंधळ होतो. या पानावर ‘प्रजाती’ म्हणजे पँथेरासारखा मोठा गट, ‘जाती’ म्हणजे त्या गटातील वाघ किंवा सिंह, आणि ‘उपजाती’ म्हणजे एकाच जातीतील प्रादेशिक विभाग, असा अर्थ सर्वत्र पाळला आहे.

१. वाघाचे शास्त्रीय नाव काय आहे आणि प्राणिसृष्टीत त्याचे स्थान कोणते?

वाघाचे शास्त्रीय नाव ‘पँथेरा टायग्रिस’ असे आहे. तो पृष्ठवंशीय प्राण्यांपैकी सस्तन वर्गात, मांसाहारी गणात (कार्निव्होरा), मार्जार कुलात (फेलिडी) आणि त्या कुलातील पँथेरिनी या उपकुलात मोडतो. मार्जार कुलाच्या जातींची जी यादी २०१७ मध्ये तज्ज्ञांनी नव्याने तपासून प्रसिद्ध केली, तिच्यात ४१ जाती आहेत. त्यांपैकी फक्त सात पँथेरिनी उपकुलात येतात : वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या आणि जग्वार हे पाच पँथेरा प्रजातीतील, आणि ढगाळ बिबट्याच्या दोन जाती निओफेलिस प्रजातीतील. उरलेल्या ३४ जाती फेलिनी या दुसऱ्या उपकुलात आहेत. आपल्याकडची वाघाटी आणि रानमांजर त्याच उपकुलातील, आणि चित्ताही त्यातलाच. आकाराने मोठा असूनही चित्ता वंशाने वाघापेक्षा प्यूमा या अमेरिकेतील मार्जाराच्या अधिक जवळ आहे. वर्गीकरणात शरीराच्या आकाराला फारसे महत्त्व नसते, हे यावरून लक्षात यावे.

२. जुन्या पुस्तकांत ‘फेलिस टायग्रिस’ असे नाव आढळते. ते चुकीचे आहे का?

ते त्या काळी बरोबर होते. प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनिअस या स्वीडिश निसर्गतज्ज्ञाने १७५८ साली आपल्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत वाघाला हे नाव दिले. त्या वेळी बहुतेक सर्व मार्जारवर्गीय प्राणी ‘फेलिस’ या एकाच प्रजातीत घातले जात. पुढे १८१६ मध्ये लोरेन्झ ओकेन या जर्मन निसर्गतज्ज्ञाने ‘पँथेरा’ हे नाव पुढे आणले, परंतु त्याला आजचा काटेकोर अर्थ मिळायला शंभर वर्षे लागली. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी कवटी आणि घशातील कंठास्थी यांच्या रचनेचा अभ्यास करून मोठ्या मार्जारांना वेगळे काढले आणि १९२९ मध्ये वाघाला पँथेरात ठेवले. तेव्हापासून तो तेथेच आहे.

याला जोडून आणखी एक प्रश्न नेहमी येतो : आपल्या वाघाच्या नावात ‘टायग्रिस’ दोनदा का? लिनिअसने वर्णन केले ते जुन्या लेखकांच्या आधाराने, आणि त्याने कोणताही ठरावीक नमुना राखून ठेवलेला नव्हता. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९११ मध्ये बंगाल हे या नावाचे मूळ ठिकाण निश्चित केले. नियम असा आहे की ज्या प्रदेशातील प्राण्यावरून जातीचे नाव पडले, तेथील उपजातीला तेच नाव पुन्हा लावायचे. म्हणून भारतीय उपखंडातील वाघ ‘पँथेरा टायग्रिस टायग्रिस’ झाला. त्यात श्रेष्ठत्वाचा किंवा अधिक ‘अस्सल’ असण्याचा काही संबंध नाही.

३. आमच्या तालुक्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने तोही वाघ आहे का?

नाही. बिबट्या म्हणजे ‘पँथेरा पार्डस’ ही स्वतंत्र जात आहे. जुन्नर, नाशिक किंवा अहिल्यानगरच्या उसाच्या पट्ट्यात ‘वाघ आला’ अशी बातमी येते तेव्हा जवळजवळ नेहमी तो बिबट्याच असतो. अंगावर आडवे पट्टे असतील तर वाघ आणि ठिपक्यांचे पुंजके असतील तर बिबट्या, एवढी खूण पुरेशी आहे. दोघांची प्रजाती एक असली तरी बिबट्याचे सर्वांत जवळचे नाते सिंहाशी आहे, वाघाशी नव्हे. त्याचे स्पष्टीकरण प्रश्न ७ मध्ये पाहावे.

४. ‘मांजर वाघाची मावशी’ म्हणतात. त्यात शास्त्रीय तथ्य किती?

नाते खरे आहे, पण ते मावशीचे म्हणावे इतके जवळचे नाही. आज जिवंत असलेल्या सर्व मार्जारांचा वंशवृक्ष जनुकांच्या आधारे मांडला असता त्यातून सर्वांत आधी फुटलेली शाखा पँथेरिनींची आहे, आणि ही फाटाफूट सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी झाली असा अंदाज आहे. घरातील मांजर ज्या शाखेत आहे ती त्यानंतर बऱ्याच काळाने वेगळी झाली. म्हणजे मांजरापासून वाघ झाला नाही आणि वाघापासून मांजरही झाले नाही. दोघेही एका समान पूर्वजाचे वंशज आहेत, आणि तो पूर्वज आजच्या कोणत्याही जातीत मोडत नाही.

असे असूनही दोघांतील साम्य थक्क करणारे आहे. अमूर वाघाचा संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वाघ आणि मांजर यांच्या जनुकसंचांत सुमारे ९५.६ टक्के साम्य आढळले. दोघांच्या पेशींत गुणसूत्रेही ३८ च असतात. या साम्याचा एक सुंदर पुरावा ओडिशातील काळपट वाघांत मिळतो, तो प्रश्न १४ मध्ये दिला आहे.

५. तरस कुत्र्यासारखा दिसतो, तरी त्याला वाघाच्या बाजूचा का मानतात?

मांसाहारी गणाचे फार पूर्वी, चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, दोन मोठे भाग झाले. एका भागात कुत्रा, लांडगा, अस्वल, पाणमांजर आणि सील येतात, तर दुसऱ्यात मार्जार, तरस, मुंगूस आणि उदमांजर. कवटीच्या तळाशी, कानामागे असलेल्या हाडाच्या फुगीर कोषाची रचना या दोन भागांत वेगवेगळी असते, आणि तरसाची रचना मार्जारांच्या बाजूची आहे. जनुकांनीही तोच निर्णय दिला आहे. सारख्या जीवनपद्धतीमुळे दूरच्या प्राण्यांचे बाह्यरूप सारखे होते, आणि तरसाचे कुत्र्याशी असलेले साम्य याच प्रकारातील आहे. पाणमांजराबाबत नेमके उलटे घडते : नावात मांजर असले तरी ते वाघाच्या नव्हे, कुत्रा-अस्वलांच्या भागातील आहे.

६. मार्जार कुलाचे सर्वांत जुने ज्ञात पूर्वज कोणते?

फ्रान्समध्ये सापडलेला ‘प्रोऐल्युरस’ हा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सामान्यतः पहिल्या मार्जारांपैकी एक मानला जातो. तो आकाराने लहान होता आणि बहुधा झाडांवर बराच वेळ घालवत असावा. त्यानंतर, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीपासून ‘स्यूडेल्युरस’ या नावाखाली एकत्र केलेले प्राणी युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत पसरलेले दिसतात, आणि आजचे मार्जार तसेच लुप्त झालेले सुळेदार मार्जार या दोन्हींची मुळे याच गटात शोधली जातात. मात्र यांपैकी अमुक एक सांगाडा वाघाचा थेट पूर्वज, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. जीवाश्मांवरून आपल्याला फांद्या कळतात. त्या फांदीवर नेमका कोणाचा कोण पूर्वज, हे क्वचितच कळते.

७. वाघाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक सिंह ना?

बहुतेकांचा समज तसाच आहे, पण उत्तर हिमबिबट्या असे आहे. वाघ आणि सिंह आकाराने जवळपास सारखे, त्यांच्या सांगाड्यांत केवळ तज्ज्ञाला फरक ओळखता येतो, आणि प्राणिसंग्रहालयात त्यांचा संकरही होतो. या सगळ्यामुळे त्यांना जुळे भाऊ मानले गेले. पण पँथेराच्या पाचही जातींचे जनुकीय विश्लेषण २०१० मध्ये झाले तेव्हा चित्र वेगळे निघाले : वाघ आणि हिमबिबट्या एका फांदीवर आहेत, आणि सिंह, बिबट्या व जग्वार दुसऱ्या फांदीवर. या दुसऱ्या फांदीत सिंह आणि बिबट्या एकमेकांच्या सर्वांत जवळ आहेत. हिमबिबट्याला पूर्वी ‘अन्सिया’ ही स्वतंत्र प्रजाती दिली होती. ती ठेवली असती तर वाघालाही पँथेरातून बाहेर काढावे लागले असते. म्हणून हिमबिबट्याच पँथेरात आला आणि त्याचे नाव ‘पँथेरा अन्सिया’ झाले.

वाघ आणि हिमबिबट्या यांचे मार्ग कधी वेगळे झाले, याचे बरेचसे अंदाज २० ते ३० लाख वर्षांच्या आसपास आहेत, तर काही त्याहून मागे जातात. येथे एक गुंतागुंत सांगायला हवी. पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए केवळ आईकडून येतो, आणि त्याच्या आधारे वंशवृक्ष काढला तर हिमबिबट्या सिंहाच्या अधिक जवळ दिसतो. केंद्रकातील डीएनए मात्र वाघाकडे बोट दाखवतो. २०१६ मध्ये मार्जारांच्या जनुकसंचांचा तुलनात्मक अभ्यास झाला, त्यातून याचे पटणारे कारण पुढे आले : प्राचीन काळी हिमबिबट्यांच्या पूर्वजांचा सिंहाच्या शाखेतील माद्यांशी संकर झाला असावा, आणि त्या माद्यांचा मायटोकाँड्रियल डीएनए पुढच्या पिढ्यांत टिकून राहिला असावा. म्हणून एकाच प्रकारच्या डीएनएवर विसंबून काढलेल्या जुन्या वंशवृक्षांकडे सावधपणे पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

८. हिमबिबट्या इतका जवळचा आहे, तर तो वाघासारखी डरकाळी का फोडत नाही?

पोकॉक यांच्या काळापासून असे मानले जात होते की पँथेरातील प्राण्यांच्या कंठास्थीचा एक भाग हाडाचा न राहता लवचीक अस्थिबंधाचा असतो, आणि त्यामुळेच डरकाळी फुटते. हिमबिबट्याच्या घशातही तो अस्थिबंध आहे, तरी तो डरकाळी फोडत नाही, त्यामुळे हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. वाघ, सिंह, बिबट्या आणि जग्वार यांच्या स्वरयंत्रात लांब, जाड आणि मांसल स्वरपट्ट्या असतात. हिमबिबट्यात त्या तशा वाढलेल्या नसतात. वर्गीकरण एकाच गुणावर उभारले की ते डळमळते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

९. वाघाचा उगम भारतात झाला की चीनमध्ये? सर्वांत जुना जीवाश्म कोणता?

उपलब्ध पुरावा पूर्व आशियाकडे झुकतो. चीनच्या गान्सू प्रांतातील लोंगदान येथे मिळालेली कवटी २०११ मध्ये ‘पँथेरा झ्दान्स्कयी’ या नावाने वर्णिली गेली. तिचे वय सुमारे २५.५ लाख ते २१.६ लाख वर्षे आहे. हा प्राणी साधारण जग्वारएवढा होता, परंतु वरच्या जबड्याची आणि दातांची ठेवण वाघासारखी असल्यामुळे वर्णनकर्त्यांनी त्याला वाघाचा सर्वांत जवळचा ज्ञात प्राचीन आप्त मानले. ऑटो झ्दान्स्की या ऑस्ट्रियन पुराजीवशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ हे नाव दिले आहे. झ्दान्स्की यांनीच १९२४ मध्ये चीनमधील जीवाश्मांवरून ‘पॅलिओसिनेन्सिस’ नावाच्या दुसऱ्या एका मार्जाराचे वर्णन केले होते, आणि त्यालाही दीर्घकाळ वाघाचा पूर्वज समजले जात होते. हे दोन जीवाश्म एकाच जातीचे की वेगळ्या जातींचे, यावर अजून वाद आहे.

निःसंशय वाघाचेच म्हणता येतील असे जुने अवशेष जावा बेटावरील त्रिनील येथून आले, आणि त्यांचे वय सुमारे १२ लाख वर्षे मानले जाते. ते यूजीन द्युब्वा या डच शास्त्रज्ञाच्या संग्रहातील आहेत. हे तेच ठिकाण, जेथे त्याला ‘जावा मानवा’चे अवशेष मिळाले होते. म्हणजे वाघाचे पूर्वज तोपर्यंत पूर्व आशियातून थेट आजच्या इंडोनेशियापर्यंत पोहोचले होते. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली की सुमात्रा, जावा आणि बोर्निओ ही बेटे आशियाच्या मुख्य भूमीला जोडली जात, त्यामुळे हा प्रवास जमिनीवरूनच झाला. बोर्निओत आणि फिलिपिन्समधील पालावान बेटावरही वाघाची हाडे मिळाली आहेत, जेथे आज एकही रानटी वाघ नाही.

तिबेटमध्ये २०१० साली सापडलेली ‘पँथेरा ब्लायथी’ची कवटी याहून कितीतरी जुनी, म्हणजे ४१ लाख ते साडेएकोणसाठ लाख वर्षांदरम्यानची आहे. २०१४ मध्ये तिचे वर्णन करणाऱ्यांनी तिला हिमबिबट्याची भगिनी जात ठरवले. ते मान्य केले तर वाघाची शाखा हिमबिबट्यापासून त्याआधीच वेगळी झालेली असली पाहिजे, आणि हे प्रश्न ७ मधील २० ते ३० लाखांच्या अंदाजाशी जुळत नाही. जीवाश्मावरून एखादी शाखा ‘निदान इतकी जुनी’ एवढे कळते. जनुकांवरून काढलेला काळ हा उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएत होणाऱ्या बदलांचा, वेग गृहीत धरून केलेला हिशोब असतो. या ठिकाणी दोन्हींचा मेळ बसणे अद्याप बाकी आहे.

१०. लांब सुळ्यांचा ‘सेबरटूथ टायगर’ वाघाचा पूर्वज होता का?

नाही. स्मायलोडॉन हा सर्वांत परिचित सेबरटूथ आणि त्याचे आप्त मार्जार कुलातील असले तरी ते मॅकेरोडोंटिनी या आता पूर्णपणे लुप्त झालेल्या उपकुलातील होते. त्यांच्या अवशेषांतून मिळालेल्या प्राचीन डीएनएनुसार हे उपकुल आजच्या सर्व मार्जारांपासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. याचा अर्थ वाघ स्मायलोडॉनपेक्षा घरातील मांजराच्या अधिक जवळ आहे. आजच्या मार्जारांत सेबरटूथचा एकही वंशज उरलेला नाही.

११. वाघाच्या उपजाती किती? एका पुस्तकात नऊ आहेत, दुसऱ्यात सहा, आणि इंटरनेटवर दोन.

तिन्ही आकडे वेगवेगळ्या काळातील आणि वेगवेगळ्या पुराव्यांवर आधारलेले आहेत, म्हणून ते क्रमाने पाहू.

विसाव्या शतकात आठ उपजाती मानल्या जात : भारतीय उपखंडातील बंगाल वाघ, रशियाच्या अतिपूर्वेकडील अमूर वाघ, मध्य व पश्चिम आशियातील कॅस्पियन वाघ, दक्षिण चीनचा वाघ, इंडोचायनाचा वाघ, आणि सुमात्रा, जावा व बाली या बेटांवरील तीन. यांतील अनेक नावे मूठभर कातडी आणि कवट्या पाहून दिली गेली होती. चेक प्राणिशास्त्रज्ञ व्रातिस्लाव माझाक यांनी १९६८ मध्ये इंडोचायनाच्या वाघाला जिम कॉर्बेट यांच्या सन्मानार्थ ‘कॉर्बेटी’ असे नाव दिले. २००४ मध्ये १३४ वाघांच्या डीएनएचा अभ्यास झाला आणि मलेशियाच्या द्वीपकल्पातील वाघ इंडोचायनाच्या वाघापासून वेगळे आढळले. त्यांना ‘जॅक्सनी’ हे नाव मिळाले आणि संख्या नऊ झाली. या नऊंपैकी बाली, जावा आणि कॅस्पियन हे तीन विसाव्या शतकातच नष्ट झाले, म्हणून जिवंत उपजाती सहा. दक्षिण चीनचा वाघ या सहांत मोजला जातो खरा, पण तो आता केवळ बंदिस्त अवस्थेत उरला आहे.

२०१५ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात दोनशेहून अधिक कवट्या, कातड्यांवरील पट्टे, अधिवास आणि डीएनए यांचा एकत्रित विचार केला होता. त्या अभ्यासकांना नऊ गटांतील फरक इतके सरमिसळ झालेले दिसले, की त्यांनी दोनच उपजाती मान्य केल्या : आशियाच्या मुख्य भूमीवरील ‘टायग्रिस’ आणि सुंदा बेटांवरील ‘सोंडाइका’. सुमात्रा, जावा आणि बाली यांच्यासाठी ‘सोंडाइका’ हे नाव निवडले, कारण ते १८४४ मधले म्हणजे तिन्हींत सर्वांत जुने आहे. प्रश्न १ मध्ये उल्लेखलेल्या २०१७ च्या यादीने हीच मांडणी तात्पुरती म्हणून स्वीकारली. मात्र पुढच्याच वर्षी ३२ वाघांच्या संपूर्ण जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात सहाही जिवंत गट एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे दिसले.

१२. मग यांतले बरोबर कोणते मानायचे?

परीक्षेत उत्तर लिहायचे असेल तर आपल्या पाठ्यपुस्तकाने जी मांडणी दिली आहे ती लिहावी आणि दुसरी मांडणीही अस्तित्वात आहे हे एका वाक्यात नमूद करावे. शास्त्रीय उत्तर याहून थोडे लांब आहे. ‘जात’ या संकल्पनेची तपासणी करण्यासाठी निदान प्रजननाची कसोटी लावता येते. उपजातीसाठी अशी एकमताने ठरलेली रेषा नाही. किती फरक पुरेसा, हे अभ्यासकाला ठरवावे लागते. कवटी आणि पट्टे पाहणाऱ्याला सलग बदलत जाणारी रूपे दिसतात, तर लाखो जनुकीय खुणा तपासणाऱ्याला त्याच रूपांमागे काही हजार वर्षांचा स्वतंत्र इतिहास दिसतो. दोघांनी पाहिले ते खरेच आहे.

हा वाद केवळ नावांपुरता नाही, आणि म्हणून तो नेटाने चालायला हवा. मुख्य भूमीवरील सर्व वाघ एक मानले, तर एका देशातून नष्ट झालेल्या वाघांच्या जागी दुसऱ्या देशातील वाघ आणून सोडणे योग्य ठरते आणि अंतःप्रजननाने दुबळ्या झालेल्या छोट्या गटांना नवे रक्त मिळते. सहा मानले, तर प्रत्येक गटाची स्वतंत्र ओळख जपण्याची जबाबदारी वाढते, आणि मलेशिया किंवा सुमात्रातील थोडक्या वाघांकडे ‘भारतात पुष्कळ आहेत’ म्हणून दुर्लक्ष करता येत नाही. आमच्या मते जनुकसंचाचा पुरावा जड आहे आणि सहा गट वेगळे राखावेत. मात्र एखादा गट मरणपंथाला लागला असेल, तर शुद्धतेच्या आग्रहापायी त्याला मरू देऊ नये. भारतातील कायद्याला या वादाने फरक पडत नाही : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संपूर्ण जातीलाच संरक्षण आहे.

१३. भारतात वाघ किती काळापासून आहे? ताडोबाचा आणि सुंदरबनचा वाघ एकच का?

वाघ भारतात उशिरा, म्हणजे शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी आला, असे पूर्वी मांडले जात असे. श्रीलंकेत सापडलेल्या सुमारे १६,५०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांनी ते मत कमकुवत केले, कारण श्रीलंकेत पोहोचायचे तर वाघाला आधी भारत ओलांडावा लागला असणार. त्या काळी समुद्र खाली असल्याने श्रीलंका भारताला जोडलेली होती. पुढे ती तुटली, आणि आज तेथे बिबट्या आहे, वाघ नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तर वाघ ठळकपणे कोरलेला आहेच.

जनुकसंचांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार आजच्या सर्व वाघांचा समान पूर्वज सुमारे १ लाख १० हजार वर्षांपूर्वीचा आहे. जीवाश्म दहा-वीस लाख वर्षांचे असताना हा काळ इतका अलीकडचा का, असे वाचक विचारतात. मधल्या काळात वाघांची संख्या फार खाली गेली असावी, आणि आजचे सर्व वाघ त्या थोड्यांचे वंशज असावेत, हे त्याचे कारण. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा महाउद्रेकही अशा घटीला कारण झाला असावा, अशी कल्पना मांडली गेली आहे. पण ती कल्पनाच आहे. २०२१ मधील एका अभ्यासाने तर वेगवेगळ्या प्रदेशांतील वाघ गेल्या सुमारे २० हजार वर्षांतच एकमेकांपासून दुरावले, असा निष्कर्ष काढला.

आता ताडोबा आणि सुंदरबनविषयी. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, सह्याद्री आणि देशातील इतर सर्व ठिकाणचे वाघ एकाच उपजातीचे आहेत. सुंदरबनातील पूर्ण वाढलेल्या वाघिणींचे वजन ७५ ते ८० किलोच भरते, मध्य भारतातील वाघिणी शंभर किलोंच्या वर असतात, तरीही उपजात बदलत नाही. खारफुटीतील लहान भक्ष्य आणि इतर वाघांपासून पडलेली फारकत यांमुळे तो गट निराळा घडत आहे, आणि म्हणून त्याचे व्यवस्थापन स्वतंत्रपणे करावे असे अनेक अभ्यासक सांगतात. विदर्भातील वाघ अजून एकमेकांशी जोडलेले आहेत, ते त्यांच्या भटकंतीमुळे : यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ शेते, रस्ते आणि नाले पार करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. असे मार्ग बंद झाले की एकाच उपजातीचे तुकडे पडू लागतात. जगभरातील वाघांच्या मायटोकाँड्रियल वैविध्यापैकी सुमारे ७६ टक्के भारतात आढळल्याचे २००९ च्या एका अभ्यासाने दाखवले होते, त्यामुळे येथे तुकडे पडणे हे साऱ्या जातीचे नुकसान आहे.

१४. पांढरा वाघ आणि काळा वाघ या वेगळ्या जाती आहेत का?

दोन्ही बंगाल वाघच आहेत. पांढरा रंग ‘एसएलसी४५ए२’ या एकाच जनुकातील एका बदलामुळे येतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. हा बदल आई आणि वडील दोघांकडून आला तरच बछडा पांढरा होतो. रेवा संस्थानच्या जंगलातून १९५१ मध्ये पकडलेला ‘मोहन’ हा जगभरातील बहुतेक बंदिस्त पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष आहे. एकाच वंशात पुन्हा पुन्हा जुगवल्यामुळे त्यांच्यात तिरळेपणासारखे दोष वाढले. संवर्धनाच्या दृष्टीने अशी पैदास करण्याला काही अर्थ नाही, हे आम्ही ठामपणे सांगतो.

काळ्या वाघांची कथा अधिक बोलकी आहे. ओडिशातील सिमिलीपालच्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळतात की अंग काळे दिसते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की यामागे ‘टॅक्पेप’ या जनुकातील बदल आहे. याच जनुकातील बदलांमुळे काही पाळीव मांजरांच्या अंगावर मोठे भोवरेदार डाग येतात आणि काही चित्त्यांचे ठिपके जोडले जाऊन पट्टे बनतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या तीन प्राण्यांत नक्षी घडवणारी यंत्रणा एकच राहिली आहे. सिमिलीपालचे वाघ इतरांपासून तुटलेले आणि थोडे असल्याने हा दुर्मीळ बदल तेथे पसरला. तो अंतःप्रजननाचा इशारा मानून २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातून ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या दोन वाघिणी तेथे नेण्यात आल्या. उपजात एकच असल्यामुळे त्या निर्णयाला वर्गीकरणाची कोणतीही आडकाठी नव्हती.

१५. वाघ आणि सिंह यांचा संकर होतो, तर त्या दोन वेगळ्या जाती कशा?

नर सिंह आणि वाघीण यांच्या संततीला लायगर, तर नर वाघ आणि सिंहीण यांच्या संततीला टायगॉन म्हणतात. हे संकर माणसाने एकत्र कोंडलेल्या प्राण्यांत होतात. त्यांतील नर वंध्य असतात, माद्यांना क्वचित पिल्ले होऊ शकतात. दोघांची गुणसूत्रे ३८ असल्याने गर्भ तयार होऊ शकतो, पण स्वतंत्र जात ठरवताना नैसर्गिक अवस्थेत हे प्राणी आपापला वंश वेगळा राखतात का, हे पाहिले जाते. वाघ आणि सिंह यांनी तो लाखो वर्षे राखला आहे. अर्थात प्रश्न ७ मध्ये पाहिल्याप्रमाणे प्राचीन काळी पँथेराच्या शाखांत अधूनमधून संकर झाला असावा. जातींमधील भिंत उभी राहायला वेळ लागतो आणि तोवर तिच्यात फटी असतात.

१६. टास्मानियन वाघही पट्टेरी होता. तो याच कुलातील का?

मुळीच नाही. टास्मानियन वाघ, म्हणजेच थायलासीन, हा कांगारूसारखा, पिलांना पिशवीत वाढवणारा शिशुधानी सस्तन प्राणी होता. पाठीवरील पट्ट्यांखेरीज त्याचे वाघाशी काही नाते नव्हते. बंदिवासातील शेवटचा ज्ञात थायलासीन सप्टेंबर १९३६ मध्ये होबार्ट येथे मरण पावला.

१७. कॅस्पियन वाघ नामशेष झाला म्हणतात, आणि तोच परत आणणार असेही वाचले. हे कसे शक्य आहे?

इराण, तुर्कस्तान आणि मध्य आशियातील नद्यांकाठच्या वेतवनांत राहणारा हा वाघ १९७० च्या दशकापर्यंत संपला. २००९ मध्ये संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांतून त्याचा मायटोकाँड्रियल डीएनए मिळवला गेला, तेव्हा तो अमूर वाघाच्या डीएनएपेक्षा केवळ एका घटकाने वेगळा निघाला. दोघांची वस्ती हजारो किलोमीटर दूर असली तरी ते अगदी अलीकडेपर्यंत एकच सलग वंश होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. नष्ट झालेला वाघ प्रयोगशाळेत पुन्हा जन्माला घालण्याचा हा बेत नाही. त्याचा सर्वांत जवळचा आप्त त्याच्या जुन्या घरी वसवण्याचा आहे. त्यासाठी कझाकस्तानने इले-बल्खाश या नदीमुख प्रदेशाची निवड केली. तेथे आधी हरणे आणि इतर भक्ष्य प्राणी वाढवण्याचे काम सुरू झाले, आणि २०२४ मध्ये नेदरलँड्समधून बंदिवासात वाढलेली अमूर वाघांची एक जोडी आणून मोठ्या कुंपणात ठेवण्यात आली. या जोडीला मोकळे सोडायचे नाही. तिचे बछडे माणसापासून दूर वाढले आणि स्वतः शिकार करायला शिकले, तर ते जंगलात जातील, अशी योजना आहे.